सगळंच मूळव्याध नसतं

धुताना बोटाला काहीतरी लागतं. तुरीच्या दाण्याएवढं, मऊ, कालपर्यंत नव्हतं असं वाटणारं. दुखत नाही, रक्त नाही. पण त्याच क्षणी मनात एक शब्द येऊन बसतो: मूळव्याध. मग तो शब्द घेऊन माणूस महिनोन्‌महिने गप्प राहतो. बायकोला सांगत नाही, नवऱ्याला सांगत नाही, डॉक्टरांना तर नाहीच.

पुण्यालगतच्या खडकीसारख्या गावात या गप्प राहण्याला खूप वाव आहे. दारूगोळ्याचा कारखाना इथे १८६९ पासून आहे, लष्कराच्या बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे, बाजारातल्या बोळांत दिवसभर गल्ल्यावर बसणारे दुकानदार आहेत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बारा-बारा तास हँडल धरणारे रिक्षावाले आहेत. शिफ्ट सांभाळणाऱ्या माणसाची शौचाची वेळ पोट ठरवत नाही, ड्यूटी ठरवते. कामाच्या जागी धड संडास नसेल तर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पोट कडक होतं, कुंथावं लागतं आणि जिथे सगळ्यात नाजूक कातडी आहे तिथे भार येतो. एवढं झालं की मेडिकलमध्ये जाऊन हळू आवाजात ‘मूळव्याधीची ट्यूब द्या’ म्हणायचं, आणि ट्यूबने उतरलं नाही तर स्टेशनाबाहेर भिंतीवर रंगवलेल्या ‘विना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज’ या पाटीखालचा जिना चढायचा.

या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. शौचाच्या जागेच्या कडेला उगवणारा प्रत्येक कोंब मूळव्याधीचा नसतो. उपचार नावावरून ठरतो, म्हणून नाव चुकलं की उपचारही चुकतो.

जुन्या वैद्यांना हा फरक ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला दुसरा अध्याय अर्शाचा, म्हणजे मूळव्याधीचा. गुदाच्या आत तीन वळ्या आहेत, प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी, असं सांगून आतल्या कोंबांचं वर्णन केल्यावर त्याच अध्यायात सुश्रुत बाहेरच्या कातडीवर येणाऱ्या, खिळ्यासारख्या घट्ट उगवणीला वेगळं नाव देतो: चर्मकील. कील म्हणजे खिळा. हाच शब्द झिजत झिजत आपल्या तोंडी चामखीळ झाला. म्हणजे मानेवरच्या ज्या बारक्या लोंबत्या कातडीला आपली आजी चामखीळ म्हणायची, त्या शब्दाचा मूळ पत्ता मूळव्याधीच्या शेजारचाच आहे. दोघांना दोन नावं दिलेली होती. ती एकात मिसळली आपण.

आता थोडी शरीराची रचना. ती कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. गुदमार्ग साधारण तीन-चार सेंटिमीटर लांबीचा असतो. बाहेरच्या कडेपासून सुमारे दोन सेंटिमीटर आत एक दातेरी रेषा आहे. तिच्या वरचं अस्तर आतड्याच्या जातीचं. त्याला टोचल्याचं, कापल्याचं दुखणं कळत नाही. रेषेखाली कातडी सुरू होते आणि ती बोटाच्या टोकाइतकीच संवेदनशील असते. खरी मूळव्याध रेषेच्या वर, रक्तवाहिन्यांच्या गाद्या सैल होऊन सुरू होते. म्हणून तिचं पहिलं लक्षण बहुधा वेदना नसते. संडासात न दुखता पडलेलं लाल रक्त असतं. तो मोड खाली उतरला तरी ओलसर, लालसर दिसतो आणि सुरुवातीच्या काळात आत ढकलला की जातो. कडेला कायम असलेला, अंगाच्याच रंगाचा, कोरडा कोंब आत ढकलला तरी जात नाही, कारण तो आतून आलेलाच नसतो.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या जेम्स बॅरन यांनी १९६३ मध्ये आतल्या मूळव्याधीला रबराचं कडं घालण्याची सोपी पद्धत मांडली. ती आज जगभर चालते, भूल लागत नाही, माणूस चालत घरी जातो. पण तेच कडं दातेरी रेषेखालच्या कातडीवर बसलं तर रुग्ण टेबलावरच ओरडतो. दोन सेंटिमीटरचा फरक आहे, पण एका बाजूला न दुखणारा उपचार आणि दुसऱ्या बाजूला छळ.

या बाहेरच्या कोंबांमध्ये सगळ्यात जास्त आढळतात त्या कातडीच्या साध्या घड्या. इंग्रजी औषधाचे डॉक्टर त्यांना ‘स्किन टॅग’ म्हणतात, आपण खुशाल चामखीळ म्हणावं. फुग्यातली हवा गेल्यावर रबर जसं सैल राहतं तशी ही कातडी. कधीतरी कुंथल्यामुळे कडेच्या शिरेत रक्त गोठतं आणि एका रात्रीत निळसर, टणक, ठणकणारी गाठ येते. पहिले दोन-तीन दिवस बसणंही नको होतं. बहात्तर तासांच्या आत गेलं तर सर्जन जागा बधिर करून ती काढून टाकतात. त्यानंतर गेलं तर सहसा हात लावत नाहीत, कारण दुखणं तोवर उतरणीला लागलेलं असतं. कोमट पाण्यात बसणं, शौच मऊ ठेवणं, साधी वेदनाशामक गोळी, एवढं पुरतं. आठ-दहा दिवसांत ठणका जातो, गाठ काही आठवड्यांत विरते आणि मागे उरते ताणलेली कातडी. बाळंतपणातही असंच होतं. शेवटच्या महिन्यांत आणि प्रसूतीच्या कळांत या शिरा फुगतात, मग बाळ मांडीवर आणि कडेला एक घडी कायमची. कित्येक आया ती वीस-वीस वर्षं ‘माझी मूळव्याध’ म्हणून सांभाळतात. त्या कातडीला उपचाराची गरज नसते. स्वच्छता राखायला अडचण होत असेल, खाज सुटत असेल किंवा मनाला फारच खटकत असेल तर जागा बधिर करून ती छाटता येते. जखम उघडीच ठेवतात आणि ती दोन-तीन आठवड्यांत भरते.

या घड्यांत एक खास प्रकार आहे आणि तो ओळखता आला तर रुग्णाची वर्षं वाचतात. शौचाच्या वेळी काच कापल्यासारखं दुखतं, नंतर तासभर आग होते, कागदावर किंवा भांड्यावर रक्ताची रेघ दिसते. हे फिशर, आयुर्वेदातली परिकर्तिका, साध्या मराठीत चीर. ती बहुतेकांना मागच्या बाजूला, मधोमध पडते. बायकांमध्ये पुढेही पडते. चीर जुनी झाली की तिच्या बाहेरच्या टोकाशी सुजलेल्या कातडीचा कोंब तयार होतो. शल्यचिकित्सेच्या पुस्तकांत त्याला पहारेकरी म्हणतात, कारण तो आतल्या चिरेच्या दारात उभा असतो. रुग्णाच्या बोटाला लागतो तो हा पहारेकरी. चीर कुणी पाहिलेलीच नसते. मग कोंब कापला जातो, चीर तशीच राहते आणि काही महिन्यांनी नवा कोंब येतो. लोक म्हणतात, ऑपरेशन करूनही मूळव्याध परत आली. मूळव्याध तिथे कधी नव्हतीच.

चिरेचा उपचार आकसलेल्या स्नायूशी निगडित आहे. दुखलं की आतला गोल स्नायू आवळतो, आवळला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, रक्त कमी पोचलं की चीर भरत नाही. म्हणून डिल्टियाझेमचं दोन टक्क्यांचं मलम सहा ते आठ आठवडे, दिवसातून दोन-तीनदा, नेमाने लावायला देतात. ते हृदयाच्या औषधांतलंच आहे, इथे त्याचं काम स्नायू सैल करण्याचं. त्याच्या जोडीला कोमट पाण्याचा टब, भाकरी-पालेभाज्या, ताक आणि इसबगोल. इसबगोलाबद्दल एक सांगून ठेवते: ते पेलाभर पाण्यासोबत घ्यायचं आणि दिवसभरही पाणी प्यायचं. कोरडं इसबगोल पोटात गोळा होऊन बसतं आणि त्रास वाढवतं. एवढं करूनही चीर भरली नाही तर स्नायूचा थोडा भाग सैल करणारी छोटी शस्त्रक्रिया असते. ती बहुतेकांना गुण देते, मात्र वायू रोखण्याची ताकद क्वचित कमी होते. हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवं, आणि नाही सांगितलं तर आपण विचारायला हवं.

आता ज्या उगवणीबद्दल लोक सर्वांत कमी बोलतात तिच्याकडे वळू. एक नव्हे, अनेक. बारीक, खरखरीत, वर टोकं फुटलेल्या, फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या. आज दोन, महिन्याने सहा. दुखत नाहीत, पण ओल राहते, खाज येते, कधी धुताना रक्त लागतं. हे मस्से एचपीव्ही नावाच्या विषाणूचे. त्यांतले दहापैकी नऊ याच विषाणूच्या ६ आणि ११ क्रमांकांच्या प्रकारांमुळे येतात. हा विषाणू शरीरसंबंधातल्या कातडीच्या स्पर्शातून पसरतो. गुदमैथुन झालाच असेल असं नाही. जननेंद्रियाजवळच्या कातडीवरून, हातावरूनही तो मागे पोचतो. शिवाय लागण आणि मस्सा दिसणं यांत आठवडे नव्हे, महिने जातात. कधी वर्षही जातं. म्हणून मस्सा दिसला त्या आठवड्यात घरात ‘कुणाकडून आणलंस?’ अशी जी चौकशी सुरू होते, तिला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. संसार मोडण्याइतका हा पुरावा कधीच नसतो. पती-पत्नी दोघांनाही डॉक्टर बोलावतील, एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी सुचवतील. ते आरोप म्हणून नाही. एक लागण असताना दुसरी निसटू नये म्हणून.

मस्से बाहेर थोडे असतील तर इमिक्विमॉडचं मलम आठवड्यातून तीनदा रात्री लावून सकाळी धुवायचं असतं. हे मलम शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच त्या जागी कामाला लावतं. दुसरं औषध पोडोफायलोटॉक्सिन, ज्याची मुळं हिमालयात उगवणाऱ्या वनककडीच्या जातीतल्या वनस्पतींमध्ये आहेत. ही दोन्ही गर्भवतीला देत नाहीत. डॉक्टर स्वतः ॲसिडचा थेंब लावून, द्रवरूप नायट्रोजनने गोठवून किंवा विजेच्या सुईने जाळूनही मस्से काढतात. गुदमार्गाच्या आतले मस्से बाहेरून दिसत नाहीत, म्हणून नळी घालून आत पाहिल्याशिवाय उपचार पुरा होत नाही. आणि काढले तरी अनेकांना ते परत येतात, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. हे उपचाराचं अपयश नाही. विषाणू शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीतही असतो आणि शरीराला त्याला हरवायला वेळ लागतो. पुन्हा जायचं, पुन्हा काढून घ्यायचं.

पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना हे मस्से जास्त आढळतात आणि डॉक्टरांसमोर तोंड उघडायला तेच सगळ्यात जास्त घाबरतात. त्यांच्यासाठी स्पष्ट लिहिते: ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन प्रौढांचा परस्परसंमतीचा संबंध हा गुन्हा नाही, आणि डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट डॉक्टरांनी गुप्त ठेवायची असते. सरकारी रुग्णालयांतली ‘सुरक्षा क्लिनिक’ याच कामासाठी आहेत. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

मस्स्यांसारखीच दिसणारी, पण चपटी, ओलसर, करडट उगवण सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात येते. ती जाळायची नसते. चोवीस लाख युनिट बेन्झाथिन पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने ती विरते. पाहणाऱ्याने रक्त न तपासता सुई तापवली तर आजार अंगात तसाच राहतो. आपल्या देशात क्षयही या जागी चामखिळीचं रूप घेऊन येऊ शकतो, विशेषतः उघड्यावर जमिनीवर बसणाऱ्या मुलांच्या बैठकीच्या कातडीवर. त्याला क्षयाच्या गोळ्या लागतात, सुरी नाही. आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोन्स या आजारात मोठे, सुजट, मऊ कोंब येतात. ते छाटले तर जखम भरतच नाही. जुलाब, पोटदुखी, वजन उतरणं यांच्यासोबत असे कोंब दिसले तर आधी आतडं तपासावं.

लहान मुलींमध्ये, बहुधा पुढच्या बाजूला मधोमध, कातडीचा एक पिरॅमिडसारखा उंचवटा दिसतो. आई घाबरते, शेजारीण वाट्टेल ते बोलते. बद्धकोष्ठता गेली की तो बहुतेक वेळा आपोआप बसतो. मुलाच्या अंगावर खरे मस्से दिसले तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. ते सांभाळणाऱ्यांच्या हातांवरच्या चामखिळींतूनही येऊ शकतात, पण मुलावर कुणी अत्याचार केला नाही ना, ही शंका डॉक्टरांनी शांतपणे तपासणं मुलाच्या हिताचं असतं.

लष्करी वस्तीत आणखी एक घोळ होतो, जागेचा. माकडहाडावर, दोन कुल्ल्यांच्या फटीत वरच्या टोकाला, केस आत शिरून गळू होतं. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये बसून आदळणाऱ्या अमेरिकन सैनिकांना ते इतकं झालं की १९४४ मध्ये लुई ब्यूई या सर्जनने त्याला ‘जीपचा रोग’ असं नाव दिलं. त्याचा गुदाशी काही संबंध नसतो. तरी तरुण जवान आणि ड्रायव्हर त्यालाही मूळव्याध म्हणत ट्यूब लावत राहतात.

ट्यूबचाच विषय निघाला आहे तर. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, म्हणून माणूस महिनाभर लावतो. कातडी कागदासारखी पातळ होते, त्यात भेगा पडतात आणि तिथे नायटा असेल तर तो कुल्ल्यांवर, मांड्यांवर पसरतो. डेटॉल आणि साबणाने दिवसातून चारदा घासणारेही असेच स्वतःला खाज लावून घेतात. या कातडीला साधं पाणी पुरतं आणि नंतर टिपून कोरडं करणं पुरतं.

घरगुती उपायांमध्ये घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं आपल्या गावागावांत चालत आलं आहे. मानेवरच्या बारक्या चामखिळीचा रक्तपुरवठा त्याने तुटतो, ती गळते, हे खरं. या जागी मात्र जंतू, ओल आणि दाट नसा असल्यामुळे तोच केस पू आणि ठणका देतो. चुना-पापडखार लावल्याने किंवा बिब्बा घातल्याने कातडी भाजते, आणि भाजलेली जागा आकसून वळली तर गुदद्वारच अरुंद होतं. पाटीखालच्या जिन्यावर बसलेला, कुठलीही पदवी नसलेला माणूस ‘इंजेक्शनने वाळवतो’ म्हणतो तेव्हा नेमका हाच धोका असतो. प्रशिक्षित वैद्य क्षारकर्म करतात ते निराळं. त्यांना जागा ठाऊक असते आणि चूक झाली तर निस्तरायची विद्याही असते.

इथवर सांगितलेल्यांपैकी बहुतेक गोष्टी जिवाला धोका नसलेल्या आहेत. पण एक आहे, जिच्यामुळे मी प्रत्येक कोंब डोळ्यांनी पाहावा असा आग्रह धरते. गुदद्वाराचा कर्करोग. तो फार आढळत नाही, पण सुरुवातीला हुबेहूब मूळव्याधीसारखा वागतो: थोडं रक्त, थोडी खाज, एक गाठ. फरक स्पर्शात कळतो. साधी चामखीळ मऊ असते, हलते. ही गाठ टणक, कडा उचललेली, मधे व्रण पडलेली, महिन्या-दोन महिन्यांत वाढणारी. कधी जांघेत अवधाण येतं. काळपट गाठ असेल तर ती गोठलेलं रक्त आहे की त्वचेचा काळा कर्करोग, हे तुकडा तपासल्याशिवाय सांगता येत नाही. १९७४ पर्यंत या रोगावर गुद काढून पोटावर कायमची पिशवी लावणं हाच मुख्य इलाज होता. त्या वर्षी डेट्रॉइटचेच नॉर्मन नायग्रो यांनी किरणोपचार आणि औषधं एकत्र देऊन गाठी विरतात हे दाखवलं. आज वेळेत आलेल्या बहुतेकांचं गुद वाचतं. वेळेत मात्र यावं लागतं. आणि छाटलेला प्रत्येक तुकडा, तो कितीही निरुपद्रवी दिसला तरी, सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे. फॉर्मलिनच्या बाटलीत तुकडा घालून द्या, असं रुग्णाने हक्काने म्हणावं.

या कर्करोगामागेही बहुतेकदा एचपीव्हीच असतो, विशेषतः १६ क्रमांकाचा. हा विषाणू कर्करोग घडवतो हे दाखवल्याबद्दल हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. आणि त्याविरुद्धची पहिली भारतीय लस पुण्यातच, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. ‘सर्व्हाव्हॅक’ जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर ती काम करते, म्हणजे मस्से आणि कर्करोग दोन्हींवर. नऊ ते चौदा वयात दोन डोस, पंधरा ते सव्विसात तीन. ती मुलांनाही देता येते. गर्भाशयमुखाच्या नावाने ओळखली जाते म्हणून मुलग्यांचे आईबाप तिच्याकडे पाहत नाहीत. त्यांनी पाहायला हवं.

खडकीतच १९७४ पासून मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. अशा इजेनंतर कमरेखालची संवेदना जाते. म्हणून जगभर या रुग्णांना लांब दांड्याचा आरसा घेऊन रोज आपली बैठक पाहायला शिकवतात, कारण तिथे जखम झाली तर दुखून कळणार नसतं. आपल्यापैकी ज्यांना संवेदना आहे त्यांनी ही जागा जन्मात एकदाही पाहिलेली नसते. आंघोळीआधी दार लावून, उकिडवं बसून, हातातला आरसा खाली धरला की दिसतं. एक आहे की अनेक, मऊ की टणक, कोरडं की ओलं, कातडीच्या रंगाचं की काळं, एवढं बघून ठेवलं तरी डॉक्टरांचं अर्धं काम होतं. मोबाइलने फोटो काढून ओळखीपाळखीत पाठवू नका.

तपासणीची भीती असते तेवढी ती अवघड नाही. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. अंगावर चादर असते. डॉक्टर आधी नुसतं पाहतात, मग हातमोजा घालून, वंगण लावून बोटाने तपासतात, गरज असेल तर छोटी नळी घालतात. चीर ताजी असेल तर बोट घालायचा आग्रह धरू नये, आणि दुखतंय म्हटलं की थांबावं. हा तुमचा हक्क आहे. बाईला तपासताना खोलीत नर्स हवी, ती नसेल तर बोलवायला सांगावं. सगळं मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

खडकीकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. कॅन्टोन्मेंटचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे, जवळच औंधला जिल्हा रुग्णालय आहे, पुणे स्टेशनापलीकडे ससून आहे. केसपेपरच्या खिडकीशी मागे रांग असते आणि तिथे आजार सांगायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. तिथे फक्त ‘सर्जरी ओपीडी’ एवढंच म्हणा. बाकीचं आत, दार लावून, डॉक्टरांना सांगा.